फ्रिजातलं पेन

"सिस्टर, माझ्या वहीत सही करायची म्हटलं की तुमचा हात दुखतो का हो?"

निशिगंधा पोळनं हे हसत विचारलं. पण हसण्यात तिखट होतं.

वाघचौरे सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हात बरा आहे."

"मग?"

सिस्टरांनी पुढचा बोळा वळायला घेतला.

सांगलीतलं ते हॉस्पिटल, मूल व्हावं म्हणून उपचार करणारं. सिस्टर तिथं बावीस वर्षं, निशिगंधा चार महिने. पोरगी हुशार, यात वादच नाही. पुण्याला जाऊन याच कामाचा कोर्स केलेला आणि त्यात पहिली आलेली. इथं काय काय शिकून झालं त्याच्या वहीतल्या सगळ्या ओळींपुढं सह्या झाल्या होत्या, एक सोडून. 'पेशंटला घरी इंजेक्शन घेण्यास शिकवणे.' तिथं शिकवणाऱ्याची सही झाली आणि पुढं 'पारंगत' असा शेरा पडला, की बायकांना उपचार समजावण्याची खोली निशिगंधाच्या ताब्यात येणार होती. चार महिने घोडं तिथंच अडलेलं.

"आज बघाच तुम्ही," ती म्हणाली. "एक चूक काढून दाखवा."

"बघते की," सिस्टर म्हणाल्या.

पहिला नंबर सुवर्णा खोतचा. तासगावकडची, द्राक्षबागायतदारांच्या घरातली सून. मागच्या खेपेला तिची स्त्रीबीजं वाढलीच नव्हती, उपचार मध्येच थांबवावे लागले होते. आता दुसरी खेप. याही वेळी तसंच झालं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं नवऱ्यानं सांगून ठेवलेलं. तिची बोटं पदराशी सारखी चाळा करत होती.

निशिगंधानं बीजं वाढवणाऱ्या इंजेक्शनचं, लिहायच्या पेनासारखंच दिसणारं पेन हातात घेतलं आणि शिकवायला लागली. काय शिकवलं म्हणता! डोसचा आकडा कसा फिरवायचा, सुई कशी बसवायची, बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमटीत कातडी कशी धरायची, औषध ढकलल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई कशी काढायची. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

"रोज रात्री आठला. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं. समजलं?"

"समजलं," सुवर्णा म्हणाली.

"नक्की?"

"नक्की की."

निशिगंधानं सिस्टरांकडं पाहिलं. काढा आता चूक, असं तिच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

सिस्टर उठल्या. त्यांनी सुवर्णाला दंडाला धरून उठवलं आणि निशिगंधाच्या खुर्चीत बसवलं. पेन तिच्या हातात दिलं. मग स्वतः समोरच्या बाकावर बसल्या आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

"निशा, ये. बस इथं."

"मी?"

"दुसरी कोण आहे निशा? बस."

निशिगंधा बसली. तोंड एवढंसं झालेलं.

"हां, सुवर्णाताई," सिस्टर म्हणाल्या. "आता आम्हाला शिकवा. आम्ही तुमच्या घरात आहोत, आठ वाजलेत."

सुवर्णा आधी लाजली. मग पदर सावरून ताठ बसली.

"आधी... फ्रिज उघडायचा."

"कुठंय फ्रिज?"

"म्होरल्या खोलीत, सोप्यात. टीव्हीच्या शेजारी."

"आणि आठ वाजता सोप्यात कोण असतं?"

"...सगळी."

"मग?"

"मग न्हाई उघडायचा," सुवर्णा म्हणाली आणि स्वतःच हसली. "जाहिरात लागायची वाट बघायची. जाहिरातीत आत्याबाई उठत्यात, मामंजी तंबाखू मळत्यात. तेवढ्यात पापडाचा डबा काढायचा. पेन डब्यात असतंय."

"डब्यात का?" निशिगंधानं विचारलं.

"घरात कुणाला ठाऊक न्हाई ओ. दोष ह्यांच्यात निघाला ना. त्यांनी शपथ घातलीय, कुणाला कळता कामा न्हाई."

सुवर्णानं हातातलं पेन उलटसुलट केलं आणि तिला हसू फुटलं.

"एकदा सापडलं की आत्याबाईंना! म्हणाल्या, हे काय गं? मी म्हटलं, पेन. फ्रिजात? मी म्हटलं, उन्हानं शाई पातळ होती."

"अगं बाई! मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी मामंजींनी आपलं पेनबी त्याच डब्यात आणून ठेवलं."

सिस्टर इतक्या हसल्या की कापसाचे बोळे खाली सांडले. निशिगंधाही हसली, आणि हसता हसता थांबली.

"डबा घेऊन कुठं जाता?"

"न्हाणीत. त्या दाराला कडी न्हाई. एका हातानं दार धरायचं."

"आणि चिमटी?"

"चिमटीला हात कुठनं आणू ओ?"

"दहा आकडे तरी..."

"तीन हुत्यात. कधी चार. बाहेर पाऊल वाजलं की सुई काढायची. औषध पोटावरनं ओघळायचं, मी पदरानं पुसायची." तिचा आवाज खाली गेला. "दोन दिवस तर फ्रिजच उघडता आला न्हाई. पाव्हणं आलं हुतं."

निशिगंधाला आठवलं. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, या बाईला औषध लागू पडत नाही, आता डोस वाढवू. आणि औषध तर पदराला लागू पडत होतं.

"अहो ताई, हे मला सांगायचं नाही का? मी तीन-तीनदा विचारलं तुम्हाला!"

"तुम्ही विचारलं, समजलं का," सुवर्णा म्हणाली. "समजलं हुतं की. सगळं पाठ आहे मला."

निशिगंधानं रजिस्टर पुढं ओढलं. मागच्या खेपेलाही तिनंच शिकवलं होतं, आणि रजिस्टरमध्ये 'समजावून सांगितले' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. तिला रडूच यायला लागलं.

सिस्टर सांडलेले बोळे वेचत होत्या.

मग निशिगंधा बाकावरूनच बोलली. आवाज वेगळा होता.

"ताई... घरात तुम्ही एकट्या कधी असता?"

सुवर्णानं चटकन वर पाहिलं. असं तिला कुणी विचारलं नव्हतं.

"सकाळी. नऊला सगळी बागंत जात्यात. मी भाकऱ्या करून अकराला जाते."

"रोज?"

"रोज. सध्या तोडणी हाय ना."

निशिगंधा उठली आणि तडक डॉक्टरांकडं गेली. मागचं खरं काय ते सांगितलं. डॉक्टर हातातलं पेन तसंच धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, सकाळ चालेल, फक्त रोज एकच वेळ पाळायची. वाढवलेला डोसही त्यांनी खाली आणला.

कागदावरचं 'रात्री आठ' निशिगंधानं खोडलं आणि 'सकाळी साडेनऊ' लिहिलं.

"निवांत घ्या," ती म्हणाली. "दहाच काय, वीस मोजा."

"आणि मामंजींचं पेन?"

"त्यांचं राहू दे गार!"

सातव्या दिवशी सोनोग्राफी झाली. डॉक्टर स्वतः दार उघडून बाहेर आले. "बीजं मस्त वाढलीत!" ते म्हणाले. पुढचं पुढं, पण ही पायरी तर चढली होती. सुवर्णानं पिशवीतनं द्राक्षांचे घड काढले आणि जो दिसेल त्याच्या हातात कोंबत सुटली. वॉचमनलाही दोन घड मिळाले. निशिगंधाला तिनं मिठीच मारली.

गडबड निवल्यावर निशिगंधानं वही पुढं केली. या वेळी हसण्यात तिखट नव्हतं.

"सिस्टर... आता?"

सिस्टरांनी चष्मा लावला. रकान्याचं नाव मोठ्यानं वाचलं.

"'शिकवणाऱ्याची सही.'"

आणि वही सुवर्णापुढं सरकवली.

"मी?" सुवर्णा म्हणाली. "माझी सही कशापायी?"

"करा हो. पूर्ण नाव लिहा."

तिनं जीभ दातात धरून सही केली. रकान्यात मावेना एवढी मोठी.

निशिगंधानं वही उलटसुलट पाहिली. तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

"आणि 'पारंगत', सिस्टर? तो शेरा राहिलाच की."

सिस्टरांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं. दाराबाहेर नजर टाकली.

"बाहेर अजून अकरा जणी बसल्यात," त्या म्हणाल्या. "एकेकीला विचारत जा."