मठाचा ओटा सात बोटं वर आला

"बुवा, खरं काय ते सांगून टाका. ओटा किती वाढवलात?"

मोतीपुरी बुवा तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"कुठला ओटा?"

"हाच. मठापुढचा. तीन वर्षांत तेरा सेंटिमीटर वर आलाय. तुमच्या भाषेत सात बोटं."

"अरे, हा कातळ आहे. डोंगराच्या पोटातून आलेला. याला मी काय पाणी घालून वाढवला?"

हेरंबला हसू आलं नाही. तो काही ऐरागैरा नव्हता. दर दिवाळीनंतर तो यंत्र घेऊन करंबळीच्या डोंगरावर चढायचा आणि ठरलेल्या चारशे बारा खुणांची उंची मोजायचा. यंदाच्या आकड्यातून मागचा आकडा वजा केला, की माती कुठून सुटली आणि कुठं साचली ते कळायचं. आपल्या नजरेतून केसभर फरकही सुटत नाही असं तो सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा.

मठाच्या खाली, उतारावर, करंबळी वाडी. बावीस घरं. शेजारच्या खोऱ्यात दरड कोसळली, तेव्हापासून सरकारला प्रश्न पडला होता: वाडी राहू द्यायची की हलवायची? ते हेरंबच्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल उद्या द्यायचा होता, आणि त्यात त्यानं लिहून ठेवलं होतं की उतार जागचा हललेला नाही, वाडीला धोका नाही.

फक्त हा एक ओटा आडवा येत होता. म्हणून स्वारी भांडायला आली होती.

"बरं," बुवा म्हणाले, "माझा ओटा वाढला. आणखी कोण कोण वाढलं?"

"खालच्या ओढ्याचं पात्र. तेही तेवढंच. पण त्याचं कारण मी लिहिलंय. वरून गाळ आला आणि तिथं साचला."

"गाळ?"

"गाळ."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. कोपऱ्यातलं घमेलं उचलून त्याच्या हातात दिलं.

"तुळशीला माती हवीय. ओढ्यातला गाळ घेऊन ये घमेलंभर."

"आत्ता? या उन्हात?"

"सात बोटं साचलाय म्हणतोस. वेळ कितीसा लागणार?"

वैशाखाचं ऊन डोक्यावर घेत, पुटपुटत, हेरंब ओढ्यात उतरला. दिवाळीनंतर इथं मांडीभर पाणी असायचं, काठी बुडवून तो खुणा मोजायचा. वैशाखात तो कधी आलाच नव्हता.

ओढा कोरडा होता. तळाला नुसता काळा कातळ, घासूनपुसून ठेवल्यासारखा.

तो वर गेला, खाली गेला. कपारीत बोटं घातली, धोंडे उलथले. चिमटीत मावेल इतकी वाळू निघाली. एवढंसं घेऊन वर जायची त्याला लाज वाटली, पण किती वेळ तिथं उभा राहणार? गेला.

"भरलं?"

"गाळ नाही, बुवा. खाली कातळच आहे."

"वाहून गेला असेल."

"अहो, वाहून गेला असेल तर पात्र वर कसं येईल?"

हेरंब बोलून गेला, आणि घमेल्यातल्या चिमूटभर वाळूकडे बघू लागला.

बुवा पुन्हा तांदूळ निवडू लागले. एक खडा... दुसरा खडा...

"ओट्याला मी हात लावला नाही. ओढ्यात गाळ नाही. तरी दोघंही सात बोटं वर." बुवांनी मान वर केली. "तू मोजतोस ते उभा कुठं राहून?"

"थोरल्या धोंड्यावर. वाडीच्या वरच्या अंगाला आहे ना, तो. त्यावर मी पितळी खिळा ठोकलाय. सगळी मापं त्या खिळ्यापासून. हत्तीएवढा धोंडा आहे, बुवा. तो काय..."



घमेलं टाकून हेरंब पळाला. धोंड्याच्या मागच्या अंगाला वाळक्या पाचोळ्याचा थर होता. त्यानं तो दोन्ही हातांनी उपसला. खाली भेग होती. त्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

धोंडा खाली चालला होता. सोबत सगळी वाडी घेऊन. खिळा आणि घरं एकदमच खचत होती, म्हणून वहीत वाडी जागच्या जागी दिसायची, आणि जे खरोखर जागेवर होतं ते वर चढल्यासारखं वाटायचं.

मठात परतून त्यानं ओट्यावरच वही उघडली. ओटा आणि ओढ्याचा कातळ, दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. तीन वर्षांत त्या दोघांमध्ये काडीचा फरक नव्हता. मग ते दोन्ही स्थिर धरून त्यानं वाडीची वजाबाकी पुन्हा मांडली. बावीसच्या बावीस घरं उणे निघाली.

"अहवाल उलटा झाला, बुवा." त्यानं वही मिटली. "तीन वर्षं मी छातीठोकपणे सांगत होतो. आता कुठल्या तोंडानं सांगू? उद्या एवढंच लिहितो, की आणखी अभ्यासाची गरज आहे."

"पाऊस कधी लागतो?"

"महिन्याभरात."

"मग त्यालाही कळव. म्हणावं, अभ्यास चाललाय, जरा दमानं घे."

हेरंबनं वही काखेत मारली, उठला आणि उतरणीला लागला. बुवा काठी टेकत त्याच्या मागून निघाले.

वाडीच्या तोंडालाच तानूमावशीचं घर. हेरंबच्या भरवशावर तिनं यंदा नवी भिंत घातली होती, आणि आत्ता ती तिला गिलावा करत होती. तीन वर्षं त्याला तिनंच भाकरी घातली होती.

"मावशी, मी चुकलो. डोंगर सरकतोय. माझा खिळाच सरकत होता, ते मला कळलं नाही."

तानूमावशीचा हात थांबला. थापी फेकून मारेल, असं त्याला वाटलं. मारली असती तर बरंच वाटलं असतं.

"दरसाल आमचं दार चौकटीला घासतंय," ती म्हणाली. "दरसाल रंधा मारतोय आम्ही. तुम्ही म्हनला डोंगर हालत न्हाई. म्या म्हनलं, मोजून सांगत्यात, मग लाकूडच फुगत असंल."

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं लपवलं नाही.

"आता रडू नगासा. पाऊस यायच्या आत कुठं जायाचं, त्ये सांगा."

त्यानं मठाच्या मागचा माळ दाखवला. ओट्याचाच कातळ तिथवर गेला होता.

"माळ मठाचा आहे," बुवा मागून म्हणाले. "मला एकट्याला किती लागतो? एक आसन टाकण्यापुरता."

तानूमावशीनं हात धुतले, पदर खोचला आणि घरोघर हाका मारत सुटली. दिवस मावळायच्या आत माळावर खुंट्या ठोकल्या जात होत्या. कुणाचं दार पूर्वेला आणि कुणाच्या अंगणात गुरं, यावरून दोघा भावांची जुंपलीही होती. हेरंब फीत धरून मध्ये उभा होता. इतक्या आनंदानं त्यानं आजवर काही मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अहवाल गेला. पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, त्यानं स्वतःची चूक लिहिली होती.

निघण्याआधी त्यानं मठाच्या कातळात नवा खिळा बसवला. दोनदा हलवून पाहिला. घट्ट होता. त्याचं मन भरून आलं.

"बुवा, आता खरी जागा सापडली. हा कातळ काही हलायचा नाही. तसं लिहू?"

बुवांनी वाकून कातळावर तळहात टेकला. बराच वेळ तसाच ठेवला...

"लिही," ते म्हणाले. "आणि दरसाल खोडायला येत जा."