कोऱ्या सतारी

कुलगुरू दाभाडेसाहेबांनी विद्यापीठात रियाजाच्या बारा खोल्या बांधल्या, सतारी आणल्या आणि लगेच कुलपं घातली. किल्ल्या आपल्याच टेबलाच्या खणात. संगीत विभागाच्या आचरेकरबाई किल्ली मागायला गेल्या की साहेब म्हणत, "बाई, पोरं हात लावतील अन् वाट लावतील!" मग पोरं तीन वर्षं फळ्यावरच सतार शिकली.

एक दिवस तपासणी समिती आली. साहेबांनी दिमाखात कुलपं उघडली. "बघा, तीन वर्षं झाली, एका सतारीवर ओरखडा नाही!"

समितीचे प्रमुख स्वतः सतारवादक. त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलीला वाजवायला सांगितलं, तर तिला सतार धरताही येईना. त्यांनी तिची बोटं पाहिली. तारेचे घट्टे कुठेच नव्हते.

साहेब बाईंवर उखडले, "तीन वर्षं तुम्ही केलंत काय?"

बाई हात जोडून म्हणाल्या, "साहेब, तुमचाच कित्ता गिरवला. तुम्ही सतारी जपल्यात, मी पोरं जपली. बघा ना, एकाच्याही बोटावर ओरखडा नाही!"

त्या दिवसापासून किल्ल्या बाईंच्या कमरेला आहेत, आणि सतारींवर ओरखडेच ओरखडे.