न शिवलेला घास

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा वारला. दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा पिंड ठेवला गेला, पण एकही कावळा त्याला शिवेना. कावळे झाडावर होते, भुकेलेही होते, तरी खाली उतरत नव्हते. ऊन चढले. सारी प्रजा काठावर उभी होती.

तेव्हा प्रधान नीलकेतू राणी इरावतीच्या मागे येऊन हळूच म्हणाला, "महाराणी, महाराजांची काही इच्छा राहिली असेल."

राणीने राजमुद्रा प्रधानाच्या हाती राहील असे वचन दिले. कावळे हलले नाहीत. सरहद्दीचे अरण्य त्याला देईन म्हणाली. तरी हलले नाहीत.

"राजकन्या फार बोलते," प्रधान म्हणाला. "तिने मौन धरावे, असे तर त्यांच्या मनात नसेल?"

इरावतीने तेही वचन दिले. त्याच क्षणी एक कावळा उतरून पिंडाला शिवला, आणि दहा वर्षांच्या शर्वाणीचा आवाज तिच्या गळ्यातून निघून गेला.

त्यानंतर सात वर्षे राज्यात जो जो मेला, त्याच्या दहाव्याला नीलकेतू हजर राहिला. कोणी शेत दिले, कोणी लेकीचे दागिने, एका वादकाने आपली वीणा दिली. प्रधानाने कधी काही हिसकावले नाही. तो फक्त सुचवीत असे. मेलेल्याने मागितले म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

शर्वाणी सतरा वर्षांची झाली. पौर्णिमेला राज्याभिषेक ठरला. त्या राज्याचा नियम असा होता की, गादीवर बसणाऱ्याने शपथ स्वमुखाने उच्चारावी. वारसाला ती उच्चारता आली नाही, तर गादी प्रधानाची.

पौर्णिमेला तीन दिवस उरले असता राणीच्या खिडकीत एक म्हातारा कावळा येऊन बसला.

"महाराणी," तो म्हणाला, "भाताचा गोळा समोर असताना कोणता कावळा रुसून बसेल? आम्ही कावळे आहोत, जावई नव्हे."

"मग त्या दिवशी का आला नाहीत?"

"आमच्या राजाची सावली प्रधानाच्या अंगठीत बांधलेली आहे. त्याने अंगठी फिरवली तरच आमचे पंख उघडतात."

राणीने विचारले, "यावर उपाय?"

"पूर्वी कावळा आला नाही, तर लोक दर्भाचा कावळा करून पिंडाला लावीत. गवताच्या कावळ्यावर त्याची सत्ता चालत नाही. म्हणून त्याने दर्भ अपशकुनी ठरवला आणि सगळे काठ जाळले. एकच झुबका उरला आहे, त्याच्या खजिन्याच्या गुहेत. वाटेत तीन दारे आहेत. प्रत्येक दार तुमच्या यजमानांच्या आवाजात एक वचन मागेल. वचन दिलेत, तर दार कायमचे मिटेल."

राणी एकटी निघाली आणि दुसऱ्या दिवशी गुहेपाशी पोहोचली.

पहिले दार म्हणाले, "इरावती, मला थंडी वाजते. दरवर्षी शंभर शाली नदीत सोडीन म्हण."

आवाज हुबेहूब होता. राणीने अंगावरची शाल उंबऱ्यावर ठेवली. "ही घ्या. वचन देत नाही." दार उघडले.

दुसरे दार म्हणाले, "तू मला विसरशील. पुन्हा कधी हसणार नाही म्हण."

त्या दारापुढे ती फार वेळ उभी राहिली. कोणी न मागताच हे वचन ती सात वर्षे पाळीत होती. अखेर ती म्हणाली, "हसेन की नाही, मला ठाऊक नाही. वचन देत नाही." तेही दार उघडले.

तिसरे म्हणाले, "शर्वाणी मुकीच राहो. ही माझी शेवटची इच्छा."

"पानावर बसल्यावर शर्वाणीची बडबड कानावर आली नाही, तर महाराज घास खाली ठेवीत," राणी म्हणाली. "आवाज त्यांचा आहे, इच्छा त्यांची नाही. हे मला त्या दिवशीही कळले होते. पण कावळा येत नव्हता, आणि सगळे बघत होते."

दार उघडले. आत नांगर होते, पाळणे होते, ती वीणा होती, कोणा आंधळ्याची काठीही होती. त्यांच्यामध्ये दर्भाचा हिरवा झुबका उगवला होता. राणीने तो उपटून घेतला. बाकी कशाला तिने हात लावला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी इरावतीने नदीकाठी पुन्हा पिंड ठेवला.

"सात वर्षांनी दहावा?" नीलकेतू हसला. "महाराणी, अभिषेकाची वेळ होत आली."

"मी दिलेली तिन्ही वचने परत घेते," राणी मोठ्याने म्हणाली.

प्रधानाने अंगठी घट्ट धरली. कावळे झाडावर दगडासारखे बसून राहिले.

"लोकहो, पाहा," तो म्हणाला. "राणी आपल्या नवऱ्याला उपाशी ठेवते आहे."

गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "बाईसाहेब, देऊन टाका की वचन. आम्ही नाही का दिलं? माझ्या नातवाचा पाळणा दिला मी."

"तो पाळणा मी पाहिला, आजी," राणी म्हणाली. "तुमच्या माणसाला तो पोहोचला नाही. प्रधानाच्या गुहेत आहे."

म्हातारी प्रधानाकडे बघत राहिली.

राणी दर्भ वळू लागली. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. गवताचा वेडावाकडा कावळा तिने पिंडाला लावला आणि म्हणाली, "महाराज, जेवा."

क्षणभर काहीच झाले नाही. मग नीलकेतूच्या बोटातली अंगठी तडकली, तिच्यातून काळी सावली उडाली आणि हजार कावळे एकदम काठावर उतरले. नीलकेतू लोकांना काही सांगत होता, अगदी गोड आवाजात. पण ऐकायला जवळ कोणी थांबले नाही. बोलत बोलतच तो सरहद्दीपलीकडे चालत गेला.

शर्वाणीने गळ्याला हात लावला. सात वर्षांनी आलेला आवाज खरखरीत होता.

"आई, मला का नाही विचारलंस?"

राणीची मान खाली गेली. "महाराजांना भूक लागली असेल, याची भीती वाटली."

शर्वाणीने आईच्या हाताला चिकटलेली भाताची शिते पुसली, प्रजेकडे वळली आणि शपथ उच्चारली.

गुहेतली प्रत्येक वस्तू ज्याच्या त्याच्या घरी गेली. दर्भ पुन्हा काठाकाठाने लावला गेला. त्या राज्यात माणसे अजूनही मरतात, आणि दहाव्याला कावळा कधी लगेच येतो, कधी येत नाही. नाही आला, तर लोक गवताचा कावळा करून पिंडाला लावतात आणि घरी जाऊन चूल पेटवतात.