तळ्याच्या मधोमध टाकलेलं जाळं

एक तळं होतं. कोणाचं म्हणाल, तर दोघांचं. उगवतीच्या काठावर एका राजाचं राज्य, मावळतीच्या काठावर एका राणीचं. मधे इतकं पाणी, की समोरचा काठ नेहमी झोपेत पाहिल्यासारखा धूसर दिसायचा.

दोन्हीकडे काळा दगड जाळायच्या मोठाल्या भट्ट्या होत्या. त्या दगडाच्या जोरावर घरोघर दिवे लागत, माग चालत, चक्क्या फिरत. धूर तेवढा यायचा. राजाच्या अंगणात काजळी पडली, तेव्हा त्याने आपलं धुराडं एक पुरुष उंच केलं. धूर गेला राणीकडे. राणीने आपलं दोन पुरुष उंच केलं. धूर आला राजाकडे. असं करता करता दोन्ही धुराडी ढगांत शिरली आणि अंगणं स्वच्छ झाली. मग धूर जातो तरी कुठे, हे कोणी विचारलं नाही. डोळ्यांआड झालं की माणूस विसरतो, दुसरं काय.

त्या तळ्यात सिदबा भोई मासे धरायचा. एका वर्षी काठावरचे बगळे उभ्या उभ्या डुलू लागले. चोच मारत, ती माशाच्या शेजारी पडे. मांजरं भिंतीवरून चालताना घसरू लागली. राजा म्हणाला, "आपल्या काठाचा मासा बिघडला. सिदबा, उद्यापासून पलीकडचा आण." राणीनेही नेमकं तेच सांगितलं.

सिदबाला हसू आलं. मासा कुठे काठ ओळखतो? तो मधोमध जाळं टाकी, आलेले मासे दोन पाट्यांत वाटी आणि दोन्ही राजवाड्यांत पोचवी.

"पलीकडचा तो पलीकडचाच!" राजा बोटं चाटत म्हणे.

तिकडे राणी म्हणे, "उगवतीच्या माशाची चव आपल्या माशाला कुठली यायला!"

दोन्हीकडे सिदबाला मान मिळू लागला. मानाची नशा गोड असते. तोही गप्प राहिला.

सिदबाची बायको गोजरा, तिला सहावा महिना. जाळं विणताना तिच्या हातून सुई गळू लागली. बोटं थरथरू लागली. शेजारी येसा म्हातारी राहायची, जातीची झारेकरीण. सोनाराच्या दुकानापुढची माती धुवायची आणि पारा घालून त्यातले सोन्याचे कण गोळा करायचे, हा तिच्या घरचा पिढ्यांचा धंदा. तिने गोजराचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"माझ्या बाचे हात असेच हलायचे," ती म्हणाली. "पाऱ्यानं. पण पोरी, तू कुठं पाऱ्याला शिवलीस?"

तिने दोन्हीकडच्या भट्टीवाल्यांना गाठून धुरात सोन्याचा एकेक मणी टांगायला लावला. आठ दिवसांनी दोन्ही मणी पांढरे पडले होते. सोन्यावर पारा चढला की ते पांढरं पडतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"काळ्या दगडाच्या पोटात पारा असतो, कणभर," येसा म्हणाली. "धुरासंगं आभाळात जातो, पावसासंगं तळ्यात उतरतो. चिखलातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून आपल्यात. पोटातल्या जिवाला तर लई वाईट. मासा बंद कर."

गोजरा नवऱ्याकडे वळली. "राजाची सूनही पोटुशी आहे. वैद्य तिला रोज मासा खायला लावतो. सांगा त्यांना."

"सांगितलं तर माझी लबाडी उघडी पडंल. डोकं राहील का धडावर?"

"तुम्हाला डोक्याची पडलीय. मी इथं पोट धरून बसलेय."

सिदबाने हातातलं जाळं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने राजाला आणि राणीला तळ्याच्या मधोमध यायची विनंती केली. पहाटे दोन नावा धुक्यातून हळूहळू जवळ आल्या. त्याच्या होडीत गोजरा आणि येसा बसल्या होत्या. सिदबाने राजा-राणीसमोर जाळं ओढलं आणि मासे दोन पाट्यांत टाकले.

"महाराज, हा तुमचा पलीकडचा मासा. राणीसरकार, आणि हा तुमचा."

"लबाडा!" राजा ओरडला.

"खरं आहे, महाराज. शिक्षा मला करा. पण आधी ह्या म्हातारीचं ऐका."

येसाने मणी दाखवले, सगळं सांगितलं. राजा म्हणाला, "आधी राणीसाहेबांनी भट्टी आवरावी."

"आधी तुम्ही. तुमचं धुराडं आधी वाढलं," राणी म्हणाली.

नावा धुक्यात नुसत्या डुलत राहिल्या. तेव्हा गोजराने आपला हात पुढे केला. तो वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरत होता. राणी त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिने शेल्याखाली दडवलेला आपला हात बाहेर काढला. तोही थरथरत होता. राजाने तलवारीची मूठ घट्ट धरली होती. ती सोडली, तसा त्याचाही हात थरथरला. किती दिवस दोघं हे झाकून बसले होते, कोण जाणे.

"सून रोज खाते," राजा हळूच म्हणाला.

त्याच दिवशी ठरलं. दगड धुतल्याशिवाय जाळायचा नाही. धूर लाकडी कोळशाच्या भुकटीतून गाळल्याशिवाय सोडायचा नाही. भागेल तिथे दिवे कमी लावायचे. आणि राणीची माणसं राजाच्या धुराड्यावर मणी टांगून बसतील, राजाची माणसं राणीच्या. "आपल्या धुराड्यावर आपलाच पहारा ठेवू नये," येसा म्हणाली.

तळं निवळेपर्यंत मासे धरायला बंदी झाली. सिदबाला शिक्षा म्हणून पहारेकऱ्यांना फुकट नेण्या-आणण्याचं काम मिळालं. तळं काही वर्षभरात निवळलं नाही. गोजराचे हातही पुरते थांबले नाहीत. पण राजाच्या सुनेला मुलगा झाला, तो धडधाकट निघाला. गोजराला मुलगी झाली. सिदबाने भीत भीत तिच्या मुठीत आपलं बोट दिलं. तिने ते घट्ट धरलं, आणि तिची मूठ जराही हलली नाही.

तात्पर्य: धुराडं उंच केल्याने धूर परका होत नाही, आभाळ आणि पाणी सगळ्यांचं असतं, म्हणून "आधी तू" म्हणत न बसता सगळ्यांनी मिळून ते राखावं.