बोटभर विरजणाची कहाणी

ऐका, दुधाई माते, तुझी कहाणी. आणि तुम्हीही ऐका गं, हातातल्या अक्षता नीट धरा, मध्ये बोलू नका.

आटपाट नगर होतं. नगराबाहेर कुरण होतं, कुरणाकाठी गवळ्यांची आळी होती. तिथं भिवरा नावाची गवळण राहायची. नवरा सटवाजी, लेक गुरांमागे रानात, घरात सून मंजुळा. भिवरेच्या हाताला गुण होता. तिचं दही असं लागायचं, की मडकं उपडं केलं तरी थेंब सांडू नये. विरजण सासूच्या सासूपासून चालत आलेलं, तिनं कधी मोडू दिलं नव्हतं.

एके वर्षी काय झालं? भिवरेच्या पोटात दुखणं शिरलं. अन्न जाईना, अंग वाळत चाललं. सटवाजीनं वैद्य आणला. वैद्यानं नाडी पाहिली, पोट चाचपलं, मान खाली घातली. म्हणाला, “औषधानं दुखणं निवेल, मुळातून जायचं नाही. पाडवा बघेल, दिवाळीचं मला सांगवत नाही.”

मग घरानं काय केलं? माया केली. मायेपोटी माणूस काय चुका करील, सांगता येत नाही. मंजुळेनं सासूच्या हातातली रवी काढून घेतली, आत्याबाई, तुम्ही पडून राहा म्हणाली. मग हातातलं सूप काढून घेतलं. मग दुधाच्या मडक्याला हात लावू देईना. सटवाजीनं मऊ वाकळ आणली, आळीला बजावलं, हिला कुणी त्रास देऊ नका. मग कुणी काही विचारीना, कुणी काही मागेना. गौर मखरात बसवावी तशी भिवरा बसवून ठेवली. गौर तरी तिसऱ्या दिवशी सुटते, हिला तीही सोय नव्हती.

भिवरेलाही वाटलं, मी मरणारी बाई, माझ्या हातून आता काय व्हायचंय? मंजुळेच्या दह्याला कधी तार सुटे, कधी पाणी सुटे. भिवरा बघायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची.

एके दिवशी मंजुळा पाण्याला गेली होती, तिन्हीसांज झाली होती. दारात एक म्हातारी आली. म्हणाली, बाई बाई, दूध नासतंय, बोटभर विरजण दे. भिवरा म्हणाली, दिवा लागला, दिवेलागणीला घरातलं पांढरं बाहेर देत नाहीत. म्हातारी गेली.

दुसऱ्या दिवशी दिव्याआधी आली. बाई बाई, बोटभर विरजण दे. भिवरा म्हणाली, मी दुखणेकरी, सुनेकडे माग. म्हातारी गेली.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताच आली. भिवरा कावली. म्हणाली, “आजी, मी आज आहे, उद्या नाही. माझ्याकडे कशाला मागतेस?”

म्हातारी उंबऱ्यावर टेकली. म्हणाली, “तुझं आयुष्य किती, ते मी विचारलं का? विरजण आहे का, तेवढं सांग.”

भिवरा भिंत धरून उठली. कोनाड्यात तिचं जुनं मडकं होतं, बुडाशी दही आंबून वाळत आलेलं. आणखी चार दिवस जाते, तर संपलंच असतं. तिनं दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली, चटका नाही, गारवा नाही. मग ते वाळलेलं दही खरवडून त्यात कालवलं, वर फडकं बांधलं. म्हातारीला म्हणाली, हे मरगळलंय, आधी जागं व्हायला हवं, उद्या ये. उद्या नाही म्हणणारी बाई उद्याचा वायदा करून बसली.

सकाळी मडकं उपडं केलं, थेंब सांडला नाही. म्हातारी आली, बोटभर विरजण घेतलं, आणि बघता बघता घरभर निरशा दुधाचा वास सुटला. ती साक्षात दुधाई. म्हणाली, बाई, प्रसन्न झाले, माग.

भिवरेनं पाय धरले. आई, हे दुखणं ने.

दुधाईचे डोळे भरले. म्हणाली, “विरजलेलं दूध पुन्हा दूध होत नाही, बाळे. दुखणं मुरलंय. ते माझ्यानं काढवत नाही. दुसरं काही माग.”

भिवरा पुष्कळ रडली. का रडू नये? मग डोळे पुसून म्हणाली, “तर मग माझ्या दारी मागणारं येऊ दे.”

दुधाई म्हणाली, तुला वसा देते. उतशील मातशील, घेतला वसा टाकून देशील. भिवरा म्हणाली, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही. मग दुधाईनं सांगितलं, दिवा लागायच्या आत जो येईल त्याला बोटभर विरजण द्यावं. कुणी आलं नाही, तर आपण नेऊन द्यावं. हातानं होईल तोवर हातानं करावं, हात राहिले तर तोंडानं सांगावं, तोंड राहिलं तर डोळ्यांनी दाखवावं. भिवरेनं विचारलं, आणि उद्यापन? याचं उद्यापन दुसऱ्याच्या घरी होतं, एवढं बोलून दुधाई अदृश्य झाली.

सटवाजी घरी येतो तो भिवरा चुलीपाशी. तो रागावला, घरात माणसं नाहीत का, कशाला मरमर करतेस म्हणाला. भिवरा म्हणाली, “अहो, मरायची तर आहेच. तोवर थोडं करू द्या की.” सटवाजीनं चुलीला लाकूड आणून दिलं.

आळीला तर त्रास देऊ नका म्हणून बजावलेलं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. मग मंजुळेच्या खांद्यावर हात ठेवून भिवरा स्वतः शेजारी साळूबाईकडे गेली. मग साळूबाईची जाऊ मागायला आली, मग तिची विहीण आली. विरजण न्यायला यायच्या, सुनेची गाऱ्हाणी सांगत बसायच्या. भिवरा त्यांना हसवायची, कधी चांगली झापायचीही. मंजुळेला जवळ बसवून करंगळी बुडवायला शिकवायची. दुखायचं तेव्हा दुखायचंच, त्या दिवशी ती पडून राहायची आणि कडू काढा घेताना वैद्याच्या नावानं बोटं मोडायची. पाडवा झाला, दिवाळी झाली. वैद्य दारावरून चालला होता, त्यालाही तिनं विरजण दिलं.

मग हात राहिले, तोंडानं सांगू लागली. मग तोंड राहिलं, डोळ्यांनी दाखवू लागली. मग एका सकाळी डोळेही मिटले.

घरात मृत्यू झाला, रीतीप्रमाणे घरातलं शिजलेलं टाकलं, पाणी ओतलं, दुधादह्याची मडकी बाहेर नेऊन फोडली. सगळं झाल्यावर मंजुळेच्या ध्यानात आलं, त्यात विरजणही गेलं. आत्याबाई गेल्या, आणि त्यांचा हात मीच उकिरड्यावर टाकला, म्हणून छाती पिटू लागली.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणींनी भाकरी आणली, पिठलं आणलं, वाडग्यातून दही आणलं. सटवाजी जेवेना. साळूबाईनं फार म्हटलं, म्हणून एक घास दह्यात बुडवून तोंडात घातला, आणि थांबला. “हे कुणाच्या घरचं?”

“दूध आमच्या घरचं, दादा. विरजण वहिनीचं.”

दुसरं वाडगं चाखलं, तेच. तिसरं चाखलं, तेच. सटवाजी म्हणाला, “अगं मंजुळे, रडू नकोस. ती आळीभर आहे.” आणि डोळे गाळीत ते ताट त्यानं पुसून खाल्लं.

सुतक फिटलं. मंजुळेनं नवं मडकं आणलं, दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली. मग दिवा लागायच्या आत साळूबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, “काकू, बोटभर विरजण द्या.” सकाळी मडकं उपडं केलं, थेंब सांडला नाही. दुसऱ्याच्या घरच्या विरजणानं भिवरेच्या वशाचं उद्यापन झालं.

दुधाईनं भिवरेला आयुष्य वाढवून दिलं नाही, होतं तेवढं भरून दिलं. तसं तुम्हां आम्हां देवो. ज्याचं दुखणं जायचं आहे त्याचं लवकर नेवो, ज्याचं जायचं नाही त्याच्या दारी मागणारं धाडो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी विरजली, देणाऱ्याघेणाऱ्याला सुफळ, संपूर्ण.