घंटेच्या आवाजाबाहेरची वस्ती

एकदा, फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं किती ते मला विचारू नका, कारण तेव्हा मोजायला मी नव्हतो आणि तुम्हीही नव्हता, एका टेकडीवर एक राजधानी होती. त्या राजधानीच्या चौकात काशाची एक घंटा टांगलेली होती. घंटा एवढी थोरली, की तिच्याखाली चार माणसं उभी राहिली तर पावसात भिजत नसत. तिचा टोल पडला की देवळावरची कबुतरं उडत, गाई माना वर करत आणि राजधानीतली माणसं उगाचच मिशांवरून हात फिरवत.

ही घंटा वाजवायचं काम ज्याच्या घराण्याकडे होतं, त्या घंटेकऱ्याला एकच मुलगी होती. ती पाठशाळेत शिकत होती. हुशार होती, आणि खरं सांगायचं तर आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. पण पोर मनानं निर्मळ होती, आणि बापाच्या घंटेवर तिचा भारी जीव होता.

त्या राज्यात वर्षातून एकदा वाटणीचा दिवस येई. कुरणातलं गवत, तळ्याचं पाणी, नदीकाठचा बांबू, जे जे सगळ्यांचं होतं ते त्या दिवशी वर्षभरासाठी वाटून देत. ज्योतिषी शुभवेळ काढी, आणि ती दर वर्षी वेगळी असे. वेळ झाली की घंटेचे बारा टोल पडत आणि तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडत. वाटी भरून बुडायच्या आत ज्या वस्तीचा माणूस चौकात हजर, त्या वस्तीला पुरा वाटा. उशिरा येणाऱ्याला उरलंसुरलं. आणि लागोपाठ तीन वर्षं उशीर झाला, तर त्या वस्तीचा हक्क कायमचा गेला.

नियम राजाच्या आजोबांनी केलेला होता आणि तो राजवाड्यालाही लागू होता. वाटी कुणासाठी थांबत नसे.

टेकडीच्या मागच्या अंगाला, उंच कड्याच्या पायथ्याशी, टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती. राजधानीतलं धान्य त्यांनी विणलेल्या कणगीत भरलं जाई, राजधानीतले तांदूळ त्यांच्या सुपात पाखडले जात. पण त्यांनी राहायचं मात्र कड्याखाली, वेशीबाहेर. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. त्यांना लांब ठेवायचं, एवढंच सगळ्यांच्या पक्कं लक्षात होतं.

या वस्तीला लागोपाठ दोन वर्षं उशीर झाला होता. दोन वर्षं त्यांना वाकडातिकडा, किडका बांबू मिळाला होता. यंदा तिसरं वर्ष होतं. यंदा उशीर झाला की बांबूचं बेट हातचं जाणार होतं, आणि बांबूच नाही तर विणायचं काय आणि खायचं काय?

"आळशी आहेत," राजधानीतले लोक म्हणत.

"नियम सर्वांना सारखा," कारभारी म्हणत. "त्याला आम्ही काय करणार?"

वाटणीचा दिवस आठवड्यावर आला तेव्हा पाठशाळेत गुरुजींनी मोठ्या शिष्यांना एक प्रश्न घातला. "आपल्या राज्यात दुबळ्यांना न्याय मिळतो का? दोन दिवस विचार करा आणि लिहा. ज्याचा लेख उत्तम ठरेल, त्यानं तो वाटणीच्या दिवशी महाराजांसमोर वाचायचा."

मुलांनी पिंपळाखाली बसून भरपूर विचार केला. विचार करताना भरपूर चिंचाही खाल्ल्या. मग प्रत्येकानं आपापला लेख वाचून दाखवला. घंटेकऱ्याच्या लेकीनं लिहिलं होतं, "आपली घंटा हाच आपला न्याय आहे. घंटेला डोळे नाहीत, म्हणून ती भेद करत नाही. राजाला ऐकू येतो तोच टोल रंकालाही ऐकू येतो."

गुरुजी खूश झाले आणि त्यांनी तोच लेख उत्तम ठरवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी फुलून गेली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी खुदकन हसलं. पाठशाळेच्या सुपांचे काठ बांधून द्यायला आलेली टोपल्यांच्या वस्तीतली एक बाई तिथं बसली होती. तिला भिंतीच्या आत यायची मुभा नव्हती.

मुलगी तरातरा बाहेर गेली. "मावशी, का हसलात?"

"ग्वाड लिवलंयस, पोरी," बाई हातातली बांबूची कामटी न थांबवता म्हणाली. "पर तुजी घंटा आमच्याकडं कवा येतच न्हाई."

"येत नाही म्हणजे? सात गावांना ऐकू जाते!"

"जात आसंल की. आमी आठवे."

मुलीला राग आला. आपल्या घंटेविषयी असं कुणी बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "मग वाटणीच्या दिवशी सकाळपासूनच चौकात येऊन बसावं ना!"

"टोल पडल्याबिगर राखणदार वेशीत घेत न्हाई. वेशीबाहेर थांबावं, तर शुभदिवशी आमचं तोंड दिसू नये म्हनून हाकलतो. आदी कड्यावर चढून कान द्यायचो, पर दोन-तीन सालांमागं वेस वाढवली आन् कड्याचं टोक बी आत गेलं. मग एक म्हातारा गुराखी वरनं उतरतो आन् सांगतो, टोल पडले म्हनून. तवा पळत सुटतो आमी. तवर वाटी बुडालेली आसती."

 मुलीला बाईचं बोलणं पटलं नाही. आपण स्वतः ऐकू आणि मग हिला उत्तर देऊ, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती कड्याखाली गेली. रोज भर दुपारी तिचा बाप बारा टोल देई. ती बाईच्या अंगणात बसली. तिला नीट ऐकू यावं म्हणून बाईनं बांबू फोडायचा कोयता खाली ठेवला, पोरांना गप्प केलं आणि कोंबड्यासुद्धा हुसकून लावल्या. अंगणातल्या खांबाची सावली आखडत आखडत त्याच्या बुडाशी आली. मग ती दुसऱ्या बाजूला सरकली, आणि चांगली हातभर लांब झाली. मुलगी कान टवकारून बसली होती. वाऱ्याखेरीज तिला काही ऐकू आलं नाही.

ती धापा टाकत घरी आली. "बाबा, आज तुम्हाला झोप लागली का?"

बापानं दोन्ही तळवे पुढे केले. ते लाल झाले होते. "बारा टोल दिले. एक कमी नाही. हवं तर कबुतरांना विचार."

मुलगी मटकन खाली बसली. आता तिला सगळं कळलं. मधे कडा होता. आवाज वरून निघे आणि वरच्यावर सात गावांना निघून जाई. कड्याच्या पोटात तो उतरतच नसे. आणि ही गोष्ट राजधानीत कुणालाही ठाऊक नव्हती, कारण राजधानीतलं कुणी तिथं जाऊन कधी बसलंच नव्हतं. चौकात बसून न्यायावर लिहिणं किती सोपं होतं! तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती रडली.

संध्याकाळी तिनं गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजींनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "मी तीस वर्षं न्याय शिकवतोय. मीही तिथं कधी गेलो नाही. पण पोरी, ती महाराजांच्या आजोबांनी ओतवलेली घंटा आहे. नुसतं लिहून महाराज मानणार नाहीत."

बाप तर घायाळच झाला. "भर चौकात माझ्या घंटेची अब्रू काढणार तू?"

"तुमच्या हातांत काही खोट नाही, बाबा. कडा आड येतो, तो येतोच."

बाप रात्री जेवला नाही. सकाळी मात्र तो म्हणाला, "काय करायचं ते कर. पण माझ्याकडून कसूर राहायला नको. त्या दिवशी मी अंगातलं सगळं बळ लावून टोल देईन."

वाटणीचा दिवस उजाडला. चौक माणसांनी भरून गेला. राजा सिंहासनावर बसला आणि म्हणाला, "कुठं आहे ती हुशार विद्यार्थिनी? वाच बघू."

मुलीनं हात जोडले. ती म्हणाली, "महाराज, माझा लेख इथं वाचून उपयोग नाही. आपली घंटा कड्याखाली ऐकू येत नाही. आपण तिथं चलावं, आणि खोटं निघालं तर मी पाठशाळा सोडीन."

कारभारी ओरडले, "पोरी, तोंड आवर!"

पण राजाला आजोबांच्या घंटेचा अभिमान सगळ्यांहून जास्त. तो ताडकन उठला. "माझ्या आजोबांची घंटा ऐकू येत नाही? चल, आत्ता चल. आणि कारभारी, शुभवेळेला टोल द्या, वाटी सोडा, माझ्यासाठी थांबू नका. टोल ऐकला की मी निघतोच."

वस्तीत राजा आलेला पाहून सगळ्यांची तारांबळ उडाली. बाईनं एक नवी कोरी टोपली पालथी घातली, आणि राजा तिच्यावर बसला. तो वाट पाहू लागला. मान तिरकी करून बघितली. कानामागे हात धरून बघितला. मुकुट कानावर येत होता म्हणून तोही काढून ठेवला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ज्योतिष्याची वेळ यंदा लांबली वाटतं."

"व्हय महाराज," बाई म्हणाली. "आमची दरसाल आशीच लांबती."

इतक्यात म्हातारा गुराखी वाटेनं खाली आला. त्याला धड दिसत नव्हतं. टोपलीवर कोण बसलंय हे न ओळखता तो खेकसला, "आरं, बसलाय काय निवांत? टोल पडून किती येळ झाला!"

राजा उठला तो धावतच सुटला. त्या अरुंद वाटेनं पालखी येतच नव्हती. मुकुट हातात, जरीचा शेला काट्यांना अडकलेला, असा राजा चढण चढू लागला, आणि त्याच्या बरोबरीनं अख्खी वस्ती. दोनदा राजाचा पाय घसरला, आणि दोन्ही वेळा बाईनं त्याला दंडाला धरून उभं केलं. वेशीवरच्या राखणदारानं काठी आडवी धरली, मग राजाला पाहिलं, आणि आता कुणाला अडवायचं हे न सुचून काठीच टाकून दिली.

सगळे चौकात पोचले तेव्हा वाटी घंगाळाच्या तळाशी गेली होती. घंटेखाली मुलीचा बाप उभा होता. त्याच्या पायाशी टोल द्यायचा लाकडी हातोडा पडला होता, दोन तुकडे होऊन. त्यानं खरोखरच अंगातलं सगळं बळ लावलं होतं.

वाटी राखणारा म्हातारा पुढे आला. उभ्या जन्मात त्यानं त्या वाटीखेरीज कशाकडे पाहिलं नव्हतं. तो अदबीनं वाकला आणि म्हणाला, "महाराज, आपल्याला उशीर झाला. नियम सर्वांना सारखा. राजवाड्याच्या घोड्यांना यंदा उरलंसुरलं गवत."

 राजाला धाप लागली होती. त्यानं घाम पुसला आणि विचारलं, "कारभारी, मी आळशी आहे का?"

कारभारी डोक्यावरचं पागोटं सारखं करू लागले.

"बोला ना! यांना दोन वर्षं आळशी म्हणत होतात. आज मी यांच्याच अंगणात बसलो होतो, आणि यांच्याबरोबरच पळत आलो." मग तो मुलीकडे वळला. "आता वाच."

मुलीनं वाचलं, "घंटेला डोळे नाहीत. म्हणून आपला आवाज कुठं थांबतो हे तिला दिसत नाही. ते बघायला माणसांना डोळे दिले आहेत."

एवढाच लेख होता. तिच्या बापानं सगळ्यांत आधी टाळी वाजवली, त्या फोडांनी भरलेल्या तळव्यांनी.

राजानं तिथल्या तिथं वस्तीचे तीनही उशीर पुसून टाकले. यंदाचा पुरा वाटा दिला, आणि मागल्या दोन वर्षांचा चांगला बांबूही द्यायला लावला. कारभारी घाईघाईनं म्हणाले, "पुढल्या वर्षीपासून आम्ही यांच्याकडे एक निरोप्या धाडू."

बाई पुढे झाली. "निरोप्या नगं, महाराज. त्याला ताप आला तर आमचं साल बुडायचं. कड्याच्या टोकावर दुसरी घंटा टांगा. वरची ऐकून ती वाजवनार आमी. आन् वेस उगडी ठिवा, सगळ्या दिवसांना. उपकार म्हनून मागत न्हाई. आमचंच हाय, त्ये मागतोय."

"मिळालं," राजा म्हणाला. "आणि दुसरी घंटा वाजल्याखेरीज वाटी पाण्यात पडायची नाही."

घंटा ओतायला घरोघरची काशाची भांडी आली. पहिली थाळी घंटेकऱ्यानं आणून ठेवली, त्याची स्वतःची जेवायची. वेशीवरच्या राखणदाराची काठी बाईनं चुलीत घातली, आणि तिच्यावर गोड भात शिजवून राखणदारालाच वाढला.

पुढल्या वाटणीच्या दिवशी वरच्या घंटेचे बारा टोल पडले. सगळा चौक श्वास रोखून उभा राहिला. वाटी हातात धरून म्हातारा थांबला होता. ती वाटी पहिल्यांदाच कुणासाठी थांबली होती. आणि मग कड्यावरून दुसरी घंटा अशी दणदणली, की देवळावरची कबुतरं एकदा बसली होती ती पुन्हा उडाली. वाटी निम्मीही भरली नव्हती, तोच टोपल्यांची वस्ती वाजतगाजत चौकात हजर झाली. सगळ्यांत पुढे ती बाई होती, आणि तिचा हात धरून घंटेकऱ्याची लेक. त्यांच्या मागून, कपाळावरचा घाम पुसत, वाटीकडे एक डोळा ठेवून, यंदाही त्यांच्याच अंगणात टोल ऐकून निघालेला राजा आला.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, नियम सर्वांना सारखा आहे असं कुणी म्हणालं, तर आधी तो सर्वांपर्यंत पोचतो का हे जाऊन बघा. जिथं तो पोचत नाही, तिथं तो सारखा नसतो.