कामठ्याआधी हात

या चपट्या दगडावर बसू नका. तिकडं बांधावर बसा. पाणी प्या, मग सांगतो. दम लागलेल्या माणसाला सांगितलेलं अर्धं सांडतं.

वर टेकडीच्या माथ्यावर खोप दिसते ना, दार नसलेली, गावाकडं पाठ केलेली, ती वेस्ताची खोप. शेजारचं झाड बिब्ब्याचं. त्याच्याखाली जाऊ नका, कुणाकुणाला त्याचा वारासुद्धा सोसत नाही, अंग उततं. आमच्यात जो कामठा करतो, म्हणजे लाकडाचं धनुष्य, त्यानं घडण घरी करावी. पण वरचा लेप, पाण्यापावसापासून लाकूड राखणारा, तो त्या खोपीत जाऊन एकट्यानं द्यावा. त्याच्याबरोबर कुणी जात नाही. त्याची भाकर या दगडावर ठेवतात. असं का, ते माझ्या आज्यानं मला सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं. खरंखोटं त्यांना विचारा.

वेस्ता नावाचा माणूस होता म्हणे. धामणीच्या लाकडाचा कामठा करावा तर त्यानंच. धामण वाकते चांगली, पण पाणी पिते. पावसात कामठा फुगायचा, ढिला पडायचा. म्हणून वेस्ता त्यावर लाख चढवायचा. लाखेचा कामठा तांबडा, चकचकीत. नवरदेव मिरवायचे, बघणारे वाहवा करायचे. दिसण्यावर गेलं की असंच होतं. लाकूड वाकतं, लाख वाकत नाही. तिला केसासारख्या चिरा पडायच्या, त्यातून पाणी आत शिरायचं, आणि वरची चकाकी मात्र तशीच.

एका पावसाळ्यात वेस्ताचा थोरला भाऊ नुरा मक्याची राखण करत होता. अस्वल आलं. नुरानं कामठा ओढला, तो मधोमध मोडला. नुरा वाचला नाही. त्याची बायको भांडली नाही, रडली नाही. मोडका कामठा आणून तिनं वेस्ताच्या उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली. वेस्तानं तुकडा उचलला. आतलं लाकूड काळं, ओलं. बोटानं चुरलं. तेव्हा त्यानं भावाच्या चितेची राख कपाळाला लावली म्हणे, आणि बोलला की पावसात दगा न देणारा कामठा करीन, तोवर दुसऱ्या कामाला हात लावणार नाही.

मग खटपट सुरू झाली. मोहाचं तेल पाजलं. ते चिकट राहिलं आणि उंदरांनी कामठा कुरतडला. मेण चोळलं. ते उन्हात पाघळलं आणि मूठ निसटायला लागली. माणसं हसायची. कुणी म्हणालं, वेस्ता, तूप लावून बघ, नाही टिकलं तर भाकरीसंगं खाऊ.

शेवटी बाजारात त्यानं परीट बघितला. कपड्यावर बिब्ब्यानं खूण करतात. कपडा फाटतो, खूण जात नाही. वेस्तानं तेच धरलं. थंडीत बिब्बे पिकले तेव्हा अंगणात चूल मांडली, बिब्बे तापवून तेल काढलं, चिंधीनं कामठ्याला चोळलं. पातळ हात, मग शेक, मग पुन्हा हात. लाकडानं ते पिऊन घेतलं. पण धूर घरात गेला. घरात तान्ही लेक. तिचं अंग उतलं, डोळे मिटून गेले. वेस्ताची बायको ठुमली लेकीला तिळाचं तेल चोपडून मांडीवर घेऊन बसली. पोर वाचली. पण पंच आले. म्हणाले, बिब्बा सोड, नाहीतर गाव सोड.

वेस्तानं कामठा उचलला आणि टेकडी चढला.

खोपीची पाठ गावाकडं त्यानंच केली. दिसलं की जावंसं वाटतं, म्हणून. ठुमली भाकर घेऊन इथवर यायची, दगडावर ठेवायची, खाकरायची आणि परत फिरायची. ती गेल्यावर तो उतरायचा. कधी ती थांबलीच तर वरूनच हात हलवून तिला परतवायचा. लेकीला उतेल, ही भीती. नवराबायकोचं बोलणं म्हणाल तर तेवढंच, एक खाकरणं.

तयार कामठा त्यानं झाडाला टांगला. त्यावर सगळा उन्हाळा पडला, सगळा पाऊस पडला. दसऱ्याला दोरी चढवून ओढला, तर जसाच्या तसा ताठ. मग तो खाली आला. पंचांनी कामठा नदीत दगडाखाली दाबून ठेवला, काढला, ओढला. फुगला नाही, मोडला नाही. ढोल वाजला. कामठा या हातातून त्या हातात गेला. नुराच्या बायकोनं तो छातीशी धरला.

वेस्तानंही हात पुढं केले. कोळशागत काळे, गाठाळलेले हात. माणसं मागं सरली. लेक चालायला लागली होती, ती बापाला बघून आईच्या लुगड्यात शिरली. ठुमली म्हणाली, "घरी चल."

तो म्हणाला, "पोरीला उतेल."

आणि आल्या वाटेनं वर गेला.

पुढं घरोघरी त्याचे काळे कामठे झाले. लोक दगडावर लाकूड ठेवायचे, दगडावरून कामठा उचलायचे. पावसात कुणी अस्वलाला भिईना. लेकीचं लग्न झालं, त्याचा ढोल त्यानं वरून ऐकला.

एका श्रावणात भाकर तशीच राहिली, मुंग्या लागल्या. ठुमली खाकरली. पुन्हा खाकरली. मग टेकडी चढली. खालून माणसं ओरडत होती, शिवू नको. तो खांबाला टेकून बसला होता, गेलेला. तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि माणसं येईस्तोवर तशीच बसली. तिला काही झालं नाही. वाळलेला बिब्बा उतत नाही. बिब्बा थंडीतला, पावसाळ्यात त्याचे हात दर साली कोरडेच असायचे. सगळ्यांनी कामठे रोज हाताळले होते, आणि एवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्याही नाही.

ठुमलीनं आपले तळवे दाखवले. म्हणाली, "याच बिब्ब्याचा कामठा तुम्ही उशाशी घेऊन झोपता. आणि मी, यानं हात हलवला की परत फिरत होते."

 

तेव्हापासूनची ही रीत. आजही कामठा करणारा बिब्बा वाळेपर्यंत वर एकटा राहतो, मग उतरतो. कामठा भुईवर ठेवतो आणि हात पुढं करून उभा राहतो. आधी कुणीतरी त्याचे हात धरायचे, तिळाचं तेल लावायचं, मग कामठा उचलायचा. तसा न उचललेला कामठा आमच्यात कुणी घरात घेत नाही.

आता कामठे करणारा खात्र्या एकटाच उरलाय. बायको गेली, पोरं गुजरातेत ऊस तोडायला. मागच्या साली तो उतरला तेव्हा सगळा पाडा मोहाची फुलं वेचायला रानात. हा इथं हात पुढं करून उभा. उन्हं कलली तरी उभा. शेवटी बोखी म्हातारी टोपली घेऊन परतली. तिचं त्याचं बांधावरून भांडण, कैक वर्षं बोलणं नाही. तिनं टोपली खाली ठेवली, त्याचे हात धरले आणि शिव्या द्यायला लागली, की मेल्या, तुला उतरायला दुसरा दिवस मिळाला नाही का. तिच्याजवळ तेल नव्हतं. फुलांचा चिकट रस होता हाताला, तोच लागला. रीतीला शिव्या चालतात. बराच वेळ देत होती. त्यानं हात सोडवून घेतले नाहीत.